बोटीवर चढण्याआधीच खरे बोला

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. एक, फटाक्यांच्या धुराने दमा उसळलेल्यांची. आणि दुसरी, काहीच होत नसलेल्यांची, ज्यांना फक्त सर्टिफिकेट हवे असते. ट्रेकला जायचे, नोकरीवर रुजू व्हायचे, आणि अलीकडे काही वर्षांपासून मालवणला जाऊन स्कुबा डायव्हिंग करायचे.

दोन वर्षांपूर्वी असेच एक ओळखीचे गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास, कंपाउंडर शटर ओढण्याच्या बेतात असताना आले. वय ४८. आमच्याच पेठेत दुकान. पाच वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू, ती आठवली तर घेणार. सोबत अकरावीतली मुलगी होती.

"डॉक्टर, पहाटे चारला मालवणला निघतोय. स्कुबा करायचंय सगळ्यांनी. तेवढं फिट असल्याचं खरडून द्या की."

मी रक्तदाब मोजला. १६४/१०२. मी सही नाकारली. "वीस वर्षांची ओळख आपली, आणि एका सहीला अडता?" असे म्हणून ते रागावून निघून गेले. आपण आपले कर्तव्य चोख बजावले या समाधानात मी घरी जाऊन जेवलो.

पाचव्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. या वेळी मान खाली होती. मुलीच्या उजव्या कानात कापूस होता. पाण्यात साधारण दोन पुरुष खोल गेल्यावर तिचा कान दुखू लागला. प्रशिक्षकाने खुणेने विचारले, "ठीक?" तिने "ठीक" म्हणून खूण केली. पुन्हा विचारले, पुन्हा "ठीक". पैसे भरलेले, बाबा बोटीवर वाट पाहत बसलेले, बरोबर आणलेल्या मैत्रिणी खाली पोचलेल्या. आपणच कशा वर जाणार? मग कानात काहीतरी फाटल्यासारखे झाले आणि सगळे पाणी गरगर फिरू लागले. तिला वर आणले. रात्री ती ज्या नातेवाइकांकडे उतरली होती तिथल्या आजीने मायेने लसूण घालून गरम केलेले तेल कानात सोडले.

कानाचा पडदा फाटला होता. आत तेल गेल्याने वर जंतुसंसर्ग. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. दोन महिन्यांत पडदा शस्त्रक्रियेविना भरून आला, ही देवाची कृपा. पण ती मुलगी लहानपणापासून पोहणारी. त्या वर्षीच्या पोहण्याच्या स्पर्धा तिच्या हुकल्या.

आता माझी चूक सांगतो. त्या रात्री ती मुलगी समोरच्या बाकड्यावर बसून सारखी नाक शिंकरत होती. मी ते पाहिले होते, ऐकलेही होते. पण वडिलांच्या हाताला पट्टा बांधून त्यांना उपदेश करण्यात मी इतका गुंतलो होतो की "काय गं, तूही पाण्यात उतरणार आहेस का?" हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. तो विचारला असता तर कान वाचला असता.

आणि वडिलांचे काय झाले? काहीच नाही. ते त्याच रक्तदाबासह उतरले आणि हसत वर आले. बोटीवर हातोहात फिरणारा इंग्रजी फॉर्म चौघांच्याही नावाने त्यांनीच भरला होता. "सगळीकडे 'नाही'वर टिक केली, डॉक्टर. कोण वाचत बसतंय?" असे ते स्वतःच म्हणाले.

वाचकहो, आजचा लेख या 'नाही'वरच्या टिकेबद्दल आहे. स्कुबा करू नका असे मला मुळीच सांगायचे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातले प्रवाळ आणि मासे डोळ्यांनी पाहणे हा मोठा आनंद आहे, आणि नीट तयारी करून, जाणत्या माणसाबरोबर उतरणाऱ्या निरोगी माणसाला पहिल्या डुबकीत भिण्यासारखे फारसे काही नाही. माझे म्हणणे एवढेच की पहिल्या डुबकीची खरी तयारी म्हणजे पोहणे नव्हे आणि धाडसही नव्हे. खरी तयारी म्हणजे आपल्या शरीराबद्दल खरे बोलणे: आधी घरी, मग फॉर्मवर, आणि शेवटी पाण्याखाली.

घाट आणि पाणी

आपल्या कोल्हापूरकरांना एक गोष्ट सहज समजेल. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कानात दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली की 'टक्' होऊन कान मोकळे होतात. हवेचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि नाकाच्या मागून कानात जाणारी एक बारीक नळी, जिला आम्ही युस्टेशियन नळी म्हणतो, ती उघडून आतला दाब बाहेरच्या दाबाएवढा करते.

सहाशे मीटरचा घाट उतरताना हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी वाढतो, आणि त्याला अर्धा-पाऊण तास मिळतो. समुद्रात मात्र दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे घाटात जो फरक अर्ध्या तासात पडतो, तो पाण्यात दोन-अडीच फुटांत, काही सेकंदांत पडतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कानातली हवा निम्म्या जागेत दाबली जाते.

म्हणून पाण्यात जांभईची वाट पाहत बसायचे नसते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकात फुंकर मारायची. दोन्ही कानांत 'टक्' झाले पाहिजे. हे दुखण्याआधी करायचे. पाण्यात डोके जाताच पहिल्यांदा, आणि मग प्रत्येक हातभर खोलीला एकदा. एकदा नळीचे तोंड दाबाने बंद झाले की जोर लावून ते उघडत नाही. जोराने फुंकल्यास आतल्या कानाला इजा होऊन ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर यावे, पुन्हा हलके फुंकावे. तरीही नाही झाला तर त्या दिवसापुरते पाणी सोडावे. दोन-तीन मीटरवरही पडदा फाटू शकतो.

ही फुंकर घरी आरशासमोर करून पाहा. घाट उतरताना ज्यांचे कान फार दुखतात, दडा तासन्‌तास जात नाही, किंवा ज्यांचा कान लहानपणापासून वाहतो, त्यांनी आधी डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा. त्याला दोन मिनिटे लागतात.

आणि सर्दी असेल तर? नाही. सरळ नाही. सर्दीत ती नळी सुजलेली असते. नाकात थेंब सोडून उतरण्याची युक्ती काही जण सांगतात. थेंबांचा असर पाण्याखाली असताना ओसरला की वर येताना कानात कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि दुखणे उलट्या दिशेने सुरू होते. खाली जाणे टाळता येते. वर येणे टाळता येत नाही.

विहिरीतली सवय समुद्रात नको

आमच्याकडे खेड्यापाड्यांतली मुले विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधून सुरुवात, मग काठावरून सूर, मग श्वास रोखून तळाची माती आणायची पैज. अशा पट्टीच्या पोहणाऱ्यांना वाटते, स्कुबा म्हणजे आपल्याला काय अवघड?

नेमकी हीच सवय इथे घातक ठरते. विहिरीत सूर मारणारा काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती हवा आक्रसते, वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते. जास्त होत नाही. स्कुबात मात्र आपण खाली असताना, तिथल्या वाढलेल्या दाबाची हवा छातीत घेतो. तीच हवा रोखून वर आलो तर ती फुगत जाते. १० मीटरवरून वर येताना तिला दुप्पट जागा लागते. फुप्फुसांना तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर हा प्रकार अवघ्या चार फुटांवरून घाबरून वर उसळणाऱ्यालाही होऊ शकतो.

म्हणून स्कुबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. तोंडाने संथ घ्यायचा, संथ सोडायचा. घरी रोज दहा मिनिटे नाक चिमटीत धरून फक्त तोंडाने शांत श्वास घेण्याचा सराव करा. ज्यांना एवढ्यानेही घुसमटल्यासारखे होते, त्यांनी आधी पोहण्याच्या तलावाच्या उथळ भागात, प्रशिक्षकासमोर उपकरणे वापरून पाहावीत.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. पाठीवरच्या टाकीला सगळे जण 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. पहिल्या डुबकीच्या टाकीत साधी, दाबून भरलेली, गाळलेली हवा असते. २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये श्वास घेताच लागेल तेवढी हवा देणारी तोटी तयार केली आणि सामान्य माणसाला पाण्याखाली श्वास घेणे शक्य झाले. टाकीत ऑक्सिजन आहे, तेव्हा दम्याच्या माणसाला उलट बरेच वाटेल, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले होते, म्हणून हे सांगणे भाग पडले.

त्या फॉर्ममध्ये काय असते?

जगभर वापरला जाणारा जो आरोग्यविषयक प्रश्नांचा फॉर्म आहे, त्याची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली. त्याच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत. सगळ्यांना 'नाही' असेल तर डॉक्टरांच्या सहीची गरज नसते. काही प्रश्नांना 'हो' असेल तर पुढच्या पानावरचे आणखी प्रश्न आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांची तपासणी. म्हणजे 'हो' लिहिले की संपले, असे नाही. 'हो' म्हणजे 'आधी तपासा'.

काहींनी मात्र उतरूच नये. फिट्‌स येणारे, फुप्फुस आपोआप फाटून छातीत हवा भरण्याचा प्रकार पूर्वी झालेले, गरोदर स्त्रिया, दिवस गेल्याची शंका असली तरीसुद्धा, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले. यात घासाघीस करू नये.

काहींनी तपासणीशिवाय उतरू नये. दमा असणारे: यातल्या काहींना परवानगी मिळते, पण फुप्फुसांची क्षमता मोजूनच. पूर्वी क्षयरोग झालेले: फुप्फुसात राहिलेल्या व्रणांमागे हवा अडकू शकते, म्हणून छातीचा फोटो हवा. कोविडमध्ये रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही: पाण्याखाली साखर उतरली तर भोवळ येते आणि तिथे भोवळ म्हणजे बुडणे. कानाची, छातीची, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले. नुकताच दात काढलेले. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे. बंद जागेत जीव घाबरा होणारे.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी या फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न आहे. कारण साधे आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले तरी पायांतले अर्धा लिटरहून अधिक रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावर भार येतो. रक्तदाब आधीच चढलेला असेल तर फुप्फुसांत पाणी साचून धाप लागू शकते. पेठेतल्या त्या गृहस्थांना काही झाले नाही, हे त्यांचे नशीब. पण आता ते गल्लीत सगळ्यांना सांगतात, "डॉक्टर उगाच भीती घालतात." विनाहेल्मेट गाडी चालवून घरी सुखरूप पोचलेला माणूस असेच बोलत असतो.

फॉर्ममधली एक कसोटी मला फार आवडली, कारण तिला यंत्र लागत नाही. १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांच्या आत चालून जाता येते का? येत नसेल तर 'हो, मला त्रास होतो' असे लिहायचे. मालवणला जाण्याच्या पंधरा दिवस आधी घड्याळ लावून रंकाळ्याच्या काठाने चालून पाहा. धाप लागली, छातीत दडपण आले, तर ते रंकाळ्यावरच कळलेले बरे.

माझे स्पष्ट मत

हा फॉर्म बोटीवर भरून घेऊ नये. बोट सुटायच्या बेतात, चार तासांचा प्रवास करून आलेली माणसे, बरोबर कुटुंब, भरलेले पैसे आणि हातात इंग्रजी कागद, अशा वेळी कोणता माणूस 'हो' लिहील? तो कागद आरोग्याचा राहत नाही, फक्त धंदेवाल्याच्या बचावाचा होतो. पैसे घेतानाच, निदान आदल्या दिवशी, मराठीतला फॉर्म हातात द्यावा. 'हो' लिहिणाऱ्याचे पैसे परत मिळतील असे त्यावर ठळक छापावे. मालवणातले कितीतरी तरुण या व्यवसायावर उभे राहिले आहेत. त्यांच्यात जिवाला जपणारे, कसबी पाणबुडे आहेत. एक अपघात झाला की सगळ्या किनाऱ्याचा धंदा बसतो. तेव्हा ही मागणी त्यांच्या हिताचीही आहे.

दुसरे सांगणे माझ्या व्यवसायबंधूंना. फोनवरून, ओळखीखातर, रुग्ण न पाहता 'फिट' लिहून देणे आपण थांबवले पाहिजे. स्कुबाचे वैद्यकशास्त्र एमबीबीएसला आपल्याला फारसे कोणी शिकवले नाही, हे मान्य करू. पण कान पाहणे, छाती ऐकणे, रक्तदाब मोजणे आणि चार प्रश्न विचारणे आपल्याला येते. जिथे शंका वाटेल तिथे तज्ज्ञाकडे पाठवावे. आणि एक सर्टिफिकेट मागायला आला तर बरोबर आणखी कोण उतरणार आहे, हेही विचारावे. हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरे सांगणे आईवडिलांना. प्रत्येकाचा फॉर्म प्रत्येकाने भरावा. लहान मुलांच्या बाबतीत त्यांना शेजारी बसवून, विचारून. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कुबाला नेऊच नये. आणि "एवढे पैसे भरलेत, घाबरू नकोस" हे वाक्य मुलांच्या कानावर पडू देऊ नका. ज्या मुलाला "वर आलास तरी चालेल" हे ठाऊक आहे, तेच मूल पाण्याखाली खरे बोलते.

निघण्यापूर्वी आणि बोटीवर

रात्रभर गाडी चालवून, सकाळी पोचून लगेच पाण्यात उतरू नका. एक रात्र मुक्काम करा, झोप घ्या. आदल्या रात्री दारू नको, हे सांगावे लागू नये, पण लागते. सकाळी हलका नाश्ता आणि पुरेसे पाणी घ्या. सुरमईची थाळी आणि सोलकढी परत आल्यावर. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. काढता येणारी कवळी काढून ठेवा.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे का? पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रत्येकामागे एक प्रशिक्षक असेल का? खोलात नेण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेतात का? बोटीवर प्रथमोपचारासाठी ऑक्सिजनची सोय आहे का? उत्तर देताना जो वैतागतो, त्याच्याकडे जाऊ नये. पहिल्या अनुभवाची डुबकी १२ मीटरच्या आतच असते. त्याहून खोल नेण्याची बढाई मारणारा तर मुळीच नको.

धोका फक्त पाण्याखाली नसतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत पाय ठेवल्यापासून किनाऱ्यावर उतरेपर्यंत, जातानाही आणि येतानाही, जीवरक्षक जाकीट अंगावर आणि त्याचे पट्टे बांधलेले हवेत. समुद्र खवळलेला असेल तर बोटवाल्याशी हुज्जत घालू नका. तो 'नाही' म्हणतो तेव्हा तोही खरेच बोलत असतो.

पाण्याखालची भाषा

पाण्याखाली खुणांनी बोलतात आणि इथे एक गंमत आहे. आपण 'मस्त' म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. 'सगळे ठीक' यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. त्रास होत असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग दुखऱ्या जागी, कानाकडे किंवा छातीकडे, बोट दाखवायचे. या तीन खुणा गाडीत बसल्या बसल्या मुलांकडून घोकून घ्या. चष्म्यात पाणी शिरले किंवा तोंडातली तोटी निसटली तर काय करायचे, हे प्रशिक्षक उथळ पाण्यात शिकवतो. ते जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर आल्यावर

थोडा वेळ कान जड वाटतो, तो बहुधा आपोआप मोकळा होतो. पण कान दुखत असेल, ऐकू कमी येत असेल, रक्त किंवा पाणी येत असेल तर कानात तेल, थेंब, काहीही घालू नका. कान कोरडा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आजीच्या मायेबद्दल मला आदर आहे, पण फाटलेल्या पडद्यातून तेल थेट आत जाते.

वर येताच किंवा त्यानंतरच्या चोवीस तासांत छातीत दुखणे, धाप, खोकल्यातून रक्त, हातापायांना मुंग्या किंवा लुळेपणा, सांधेदुखी, चक्कर, बोलण्यात अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर रुग्णाला आडवे झोपवा, ऑक्सिजन लावा, १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना न विचारता सांगा की "स्कुबा केले होते". हे वाक्य ऐकल्याशिवाय खरे निदान सुचणे कठीण असते.

दाबाखाली असताना श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. झपाट्याने वर आले, किंवा लगेच उंचावर गेले, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे पहिले तक्ते छापले. एकाच उथळ, वीस मिनिटांच्या डुबकीत नायट्रोजन फारसा साठत नाही. तरीही एका डुबकीनंतर १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, हा नियम पाळावा. गोव्याहून त्याच संध्याकाळचे विमान पकडण्याचा बेत आखू नका. आपल्या घाटाची उंचीही दोन हजार फुटांच्या आसपास जाते. आंबोली तर त्याच्याही वर आहे. तेव्हा दुपारी डुबकी मारून संध्याकाळी घाट चढण्यापेक्षा रात्री मालवणातच राहा आणि सकाळी निघा. मासळीही पोटभर खाता येईल.

आणि मी स्वतः

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी स्वतः उतरून पाहिले. आधी हृदयाची ताणचाचणी केली, रंकाळ्यावर चालून घड्याळ पाहिले, फॉर्म आदल्या रात्री मागून घेऊन वाचून भरला. सगळे यथासांग. आणि पाण्यात साधारण पुरुषभर खाली गेल्यावर डावा कान मोकळा होईना. फुंकर मारली, वर सरकलो, पुन्हा मारली. नाही.

खरे सांगतो, त्या क्षणी मलाही बोटांचा गोल करून 'ठीक' म्हणावेसे वाटले. बोटीवर सौभाग्यवती होत्या, आणखी चार ओळखीची माणसे होती. मला ती बाकड्यावरची मुलगी आठवली. मी अंगठा वर केला.

बोटीवर प्रशिक्षकाने पाठ थोपटली. "डॉक्टरांनू, फाल्या येवा. दर्यो खय पळान जातलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कान उघडला आणि मी खाली जाऊन आलो. खाली काय पाहिले ते सांगण्याची ही जागा नव्हे. ते तुम्ही स्वतःच पाहावे. फक्त जाण्याआधी आज रात्री घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि एकेकाला विचारा: कान कसा आहे, सर्दी आहे का, कोणती गोळी चालू आहे, भीती वाटते का? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.